ओल्या चुन्यातला मेक्सिको

कुंभारे सर कोणाच्याही घरी गेले, की आधी भिंतीला भेटत. यजमान दारात हात जोडून उभा, आतून पाण्याचा तांब्या येतोय, आणि सर मधलं बोट वाकवून भिंतीवर टकटक करतायत. कान भिंतीजवळ, डोळे मिटलेले. डॉक्टर पोट वाजवून बघतात तसे. मग निकाल लागायचा. "सिमेंट." हा शब्द ते अशा आवाजात उच्चारत की घरच्यांना वाटावं, आजार हाताबाहेर गेलाय. चुन्याची भिंत निघाली तर मात्र चेहरा खुलायचा, आणि मग कुठे यजमानाला रामराम.

या बोटापायी त्यांच्या पुतणीचं लग्न मोडता मोडता राहिलं. मुलाचं घर बघायला बाजारहत्नूरला गेलो होतो. जीपमध्ये जागा होती म्हणून मीही. पोहे आले, मुलगा समोर येऊन बसला. सरांनी नेमकं त्याच्या डोक्यामागे बोट वाजवलं, मान हलवली आणि भर बैठकीत खणखणीत आवाजात म्हणाले, "आतून पोकय हाय."

मुलाच्या बापाने बशी खाली ठेवली. "काय म्हनलं जी तुमी?"

"पोकय हाय म्हनलं. वरून चकाचक दिसते, पन दोन वर्सात पोपडे निघतीन."

मुलाच्या आईने डोळ्याला पदर लावला. सरांचा भाऊ ताडकन उठला, "भितीचं बोलून राह्यला जी तो! भितीचं!" आणि सर शांतपणे पोहे खाताहेत. लग्न झालं. आता ती पुतणी सांगते की काकाचं दोन्ही बाबतीत खरं निघालं.

तर हे कुंभारे सर. आदिलाबादकडच्या जैनथ मंडलात, पैनगंगेच्या अलीकडे, म्हणजे तेलुगू राज्यात आमचं गाव. तिथल्या मराठी शाळेत ते ड्रॉइंग मास्तर होते. माझं हार्डवेअरचं दुकान बसथांब्यासमोर. इतर गिऱ्हाइकं ऑइलपेंट मागत, सर गेरू मागत. पिवळी माती मागत. चुना मागत, तोही पिशवीतला नाही, कळीचा. पहिल्यांदा मी विचारलं, "सर, घर रंगवता का?" तर म्हणाले, "नाई. मेक्सिको करून राह्यलो."

मला वाटलं, खाण्याचा काही पदार्थ असेल.

त्यांच्या तरुणपणी, नागपूरला ड्रॉइंगचा कोर्स करत असताना, रद्दीच्या दुकानात त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. पहिली वीसेक पानं गायब, लेखकाचं नाव गायब, मुखपृष्ठाच्या जागी सुतळी. उघडलं तर एक बाई गुडघे टेकून दगडावर मका वाटत होती. अंगाने थोराड, पाय उघडे, तोंड खाली. सर म्हणत, "मी म्हनलं, अरे, माह्या मायले कोन चितारलं हे?" मग डिक्शनरी घेऊन ते पुस्तक वाचायला त्यांना चार वर्षं लागली, आणि उरलेलं आयुष्य ते आम्हाला ऐकवण्यात गेलं.

दुकानात खिळ्यांच्या पिंपावर बसून ते सांगत. तीनशे वर्षं त्या देशावर समुद्रापलीकडच्या लोकांचं राज्य होतं. त्यांनी तिथल्या जुन्या देवांची देवळं पाडली आणि त्याच दगडांवर आपली उभी केली. ते गेले तरी तिथल्या शिकल्यासवरल्या लोकांची नजर पॅरिसकडेच. चित्र म्हणजे काय, तर पॅरिसच्या बाईसारखी बाई आणि तिच्या हातात पॅरिसचं फूल. मग जमिनीसाठी शेतकरी उठले. दहा वर्षं मारामारी चालली. धूळ खाली बसल्यावर नव्या सरकारने पाहिलं, की बहुतेकांना वाचता येत नाही. यांना सांगायचं कसं, की हा देश तुमचा आहे? म्हणून सरकारने चितारी बोलावले आणि त्यांना भिंती दिल्या. कचेऱ्यांच्या, शाळांच्या, मोठमोठ्या.

इथे सर पिंपावरून उठत. उठल्याशिवाय पुढचा भाग सांगता येत नसे.

"आता चितारी बसले डोकं धरून. काढाचं काय? पॅरिसची बाई इथं कोन वयखते? मंग गेले लेकाचे फिराले. मातीतून निंगालेल्या जुन्या मूर्त्या पाह्यल्या. खेड्यातल्या देवयातले नवसाचे फोटो पाह्यले. दारूच्या दुकानाच्या भिती पाह्यल्या, भौ! तिथं रंगाऱ्यानं काढेल नक्षी! बाजारात एका कागदावर छापून इकत ना गाने, त्याच्यावरचे हाडाचे सापडे पाह्यले, नाचनारे, टोपीवाले. आन् म्हनले, आपली कला तं इथं पडेल हाय. आपुन उगाच जहाजाची वाट पाहून राह्यलो!"

मग आवाज खाली आणून, "आन् मजुरी गवंड्याची. चितारी म्हनून येगळा मान नाई. बांबूच्या पाहाडावर चढा, चुना लावा, रंग लावा, उतरा."

आमच्या गावात मेक्सिको हा शब्द टिकला नाही. आधी मकासिको झाला, मग नुसता मका, आणि कुंभारे सर झाले मका सर. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, तर ते खूश. "बरोबर हाय! तो मक्याचाच देस. तिथं मानूस मक्यापासून झाला म्हनतेत." परिणाम असा, की दोन शेतकरी त्यांच्याकडे बियाणं विचारून गेले.

त्यांचं एक वाक्य मात्र गावात प्रत्येकाने ऐकलेलं होतं: "क्यानव्हास शेठच्या घरात जाते. भित कुटंच जात नाई."

आता भिंतीकडे येतो.

बसथांब्याला लागून पंचायतीचं जुनं कापसाचं गोदाम आहे. निजामाच्या काळातलं, दगड आणि चुन्याचं. त्याची थांब्याकडची भिंत लांबलचक, उघडी, तिच्यावर शेणाच्या गोवऱ्या आणि पंक्चरवाल्याचा फोन नंबर. सरांनी ती वीस वर्षं वाजवली होती. "बोलते ही," म्हणत. निवृत्तीला एक वर्ष उरलं, तेव्हा ते सरपंच शोभाताईंकडे गेले. शोभाताईंचं माहेर नदीपलीकडे, मराठी मुलखात, बोलणं तोंडावर. दरखास्त वाचून म्हणाल्या, "देवाचं काढता का पुढाऱ्याचं?"

"दोनीचं नाई."

"मंग मंजूर. जा."

अडचण होती ती चुना मळणाऱ्या हाताची. मेक्सिकोवाल्यांची रीत अशी, की भिंतीवर ताजा चुना चढवायचा आणि तो ओला असतानाच रंग भरायचा. चुना सुकताना रंग पोटात घेतो. मग तो रंग वर राहत नाही, भिंतच होऊन जातो. पण वेळ फक्त दिवसभराचा. तेवढाच तुकडा चढवायचा जेवढा मावळेपर्यंत पुरा होईल, आणि चूक झाली तर खरवडून पुन्हा पहिल्यापासून. असा चुना मळता येणारं मंडलात एकच माणूस उरलं होतं. लच्चव्वा. साठीची, तेलुगू बोलणारी, एके काळी गवंड्यांच्या टोळीत चुना दळायच्या घाणीवर असलेली. सरांनी तिला पुस्तकातली चित्रं दाखवली. तिने चित्रांकडे पाहिलंच नाही. छायाचित्रातल्या भिंतीच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथं वाळू जास्त झाली."

सरांनी त्याच दिवशी तिला गुरू केलं.

थंडीभर दर रविवारी हा खेळ चालला. पहाटे लच्चव्वा चुना चढवी. तो चिमटीत धरून, ओठाला लावून, कधी शिव्या देऊन पारखी. ती "हं" म्हणाली की सर रंग घेत. ती "कादु" म्हणाली की सर मुकाट बसून राहत. एकदा ते घाईने आधीच ब्रश लावायला गेले, तर तिने मनगटावर थापी हाणली. "सारू! गोड ओला. रंग पळते!" तेलुगूत गोड म्हणजे भिंत. आमच्या गावात नव्या सुनांची यावरून पहिले सहा महिने थट्टा होते.

हळूहळू भिंतीवर माणसं उगवली. कापूस वेचणाऱ्या बाया, कमरेला बांधलेल्या ओट्या. नार्नूरकडचे दंडारी नाचणारे गोंड, डोक्यावर मोरपिसांचे टोप. ज्वारी कापणारा. तमाट्याच्या टोपलीमागे बसून भाव करणारी. पॅरिसचं कोणी नव्हतं.

मग गावाच्या लक्षात आलं, की नावं नाहीत. बैठक झाली. एक गट म्हणे, खाली मराठीत लिहा. दुसरा म्हणे, सरकार तेलुगू आहे, तेलुगूत लिहा. म्हाताऱ्या पटवाऱ्याच्या मते उर्दू शोभेल. दंडारीवाले म्हणाले, आमचा नाच आहे, गोंडीत लिहा. तासभर ऐकून सर उठले.

"ज्याले वाचता येते त्याले शाळेत भिती हायेत. दफ्तरात हायेत. बसवर पाट्या हायेत. ही एक भित ज्याले वाचता येत नाई त्याची. एक अक्षर पडनार नाई इथं. कोन्याच भाशेतलं."

मागून लच्चव्वा म्हणाली, "सरी." म्हणजे बरोबर. आणि बैठक संपली.

पुढची भानगड तोलणाऱ्याची. एका कोपऱ्यात सरांनी काटा काढला होता आणि काट्यापाशी एक जाड्या, वजन कमी भरावं म्हणून कापसाच्या गाठोड्याला खालून हळूच गुडघा लावणारा. मेक्सिकोवालेही असे जाडे काढत, सर सांगत. ज्या सरकारने भिंत दिली त्याचेच साहेब काढत आणि वर त्यांनाच बघायला बोलावत. आमच्याकडे पहिला व्यापारी सोमवारी आला, माझ्या दुकानात सरांना गाठून म्हणाला, "सर, हे बरं नाई केलं. माही मिशी तरी काढाची नाई." दुसरा मंगळवारी. "पोट मोठं दाखवलं ते ठीक, पन सदरा माहा कायले?" तिसरा बुधवारी आला, तो थेट रडवेला. "गुडघ्याचं तुमाले कोन सांगतलं?"

सरांनी तिघांनाही तेच उत्तर दिलं. "मी तं कोनालेच नाई काढलं जी. तुमी काऊन सोताले वयखून राह्यले?"

मी पिंपामागे तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो.

पण हसणं तिथेच थांबलं. तिघांपैकी एकाची ओळख वर होती. आठवड्याभरात मंडल कचेरीतून निरोप आला: गोदामाची भिंत सरकारी मोहिमेसाठी हवी, पांढरी करून ठेवावी, तिच्यावर तेलुगूत घोषवाक्य येईल. सर आणि लच्चव्वाने शेवटचा तुकडा सोडून सगळी भिंत पुरी केली होती. मधोमध, पुरुषभर लांबीची जागा कोरी होती. तिथे कोण येणार ते सरांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी आम्ही पंचायतीत बसलो होतो. शोभाताईंचा मोबाइल वाजला. मंडल कचेरीतले साहेब तेलुगूत बोलत होते, आवाज बाहेरपर्यंत येत होता. "रेपु वस्तुन्नानु. गोड रेडीगा उंडाली." उद्या येतो, भिंत तयार पाहिजे.

"हौ हौ साहेब," शोभाताई म्हणाल्या. फोन ठेवला आणि शिपायाला हाक मारली. "जैनथले जा आन् तीन किलो जिलबी सांगून ये. साहेबाले गोड पायजे म्हने."

शिपाई माझ्याकडे बघतोय, मी छताकडे.

"ताई," मी म्हणालो, "गोड म्हंजे..."

"मी पलीकडची बाई," त्या म्हणाल्या. "मले कायले येते तेलगू?"

आणि खिडकीबाहेरच्या भाजीवालीवर ओरडल्या, "ए! तूकम सरिग्गा पेट्टु!" नीट तोल म्हणून. खणखणीत, एकही चूक नसलेल्या तेलुगूत.

कुंभारे सर तोवर उठून निघालेही होते. मी मागे धावलो. "सर, उद्या पुसनारच हायेत. आता उरलेला तुकडा कायले करता?"

ते थांबले. त्यांना मी इतकं गंभीर त्या बोटाने भिंत ऐकतानाच पाहिलं होतं.

"गजूभाऊ, त्याइच्याबी भिती पुसल्या होत्या. मेक्सिकोवाल्याइच्या. खरवडल्या, झाकल्या. अर्धी भित पुसली तं लोक म्हनतीन, पुसासारखीच होती. पुरी केलेली पुसली, तं पुसनाऱ्यालेबी समजीन का त्यानं काय पुसलं."

रविवारी पहाटे लच्चव्वाने शेवटचा चुना चढवला. थापी ठेवून नेहमीसारखी बाजूला सावलीत जायला निघाली, तर सर म्हणाले, "बस. तिथंच बस. चुना मयताना बसते तशी."

तिला कळायला वेळ लागला. कळल्यावर तिने जी तोंडाची तोफ सोडली ती इथे लिहिण्यासारखी नाही. पण बसली. सर चितारत राहिले. थांब्यावर बसगाड्या येत होत्या, जात होत्या, आणि उतरलेले लोक घरी जात नव्हते. साहेबांची जीप आली तेव्हा दुपार कलली होती आणि सर शेवटचा डोळा भरत होते.

शोभाताई जिलबीचं ताट घेऊन पुढे झाल्या. "घ्या साहेब. तुमी म्हनलं तसं गोड रेडी हाय."

साहेबांनी ताटाकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. मग पोट धरून जे हसले, की ड्रायव्हरही हसायला लागला. माणूस वाईट नव्हता. दोन जिलब्या खाल्ल्या, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, मधल्या म्हातारीपुढे थांबले, मग वळून बाजूला चुन्याने माखलेल्या खऱ्या लच्चव्वाकडे पाहिलं. "बागुंदि," म्हणाले. छान आहे. मोबाइलवर फोटो घेतला. आणि बोटं पुसत म्हणाले, "लेकिन ऑर्डर तो ऑर्डर है सर. दो दिन में सफेद होना."

गाव सरांकडे बघत होतं. सर साहेबांकडे.

"हो जाएगा साहब. चूना मैं ही मारूंगा."

साहेबांनी हात जोडले, जीप गेली. लच्चव्वा थापी उचलून घरी निघून गेली. जाताना तिने सरांकडे पाहिलं नाही.

मंगळवारी सर दुकानात आले. मी पांढरा चुना काढून ठेवला होता, वर सवयीने सरसाची पुडी ठेवली. पांढरा हात मारताना चुन्यात सरस घालतातच. तो चुन्याला भिंतीशी धरून ठेवतो, नाही तर अंगाला लागतो. सरांनी पुडी एका बोटाने माझ्याकडे परत सरकवली.

"हे नको."

मी पुडीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"सर, मंग तो टिकनार..."

"कळीचा चुना किती झाला म्हनलं?"

त्या संध्याकाळपर्यंत भिंत दुधासारखी पांढरी झाली. त्यांनी एकट्याने केली, वरपासून खालपर्यंत, कडा सांभाळून. पंचायतीने फोटो कचेरीत पाठवला. घोषवाक्य लिहिणारा पेंटर यायचा होता. त्याच्याकडे गावं पुष्कळ होती, तो आलाच नाही.

पुढच्या बाजारच्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं. आदिलाबादच्या बसला थांबलेले लोक भिंतीला टेकून उभे होते. बस आली, सगळे चढले, आणि सगळ्यांच्या पाठी पांढऱ्या. मागे भिंतीवर, जिथे पाठी टेकल्या होत्या, तिथे एक खांदा. अर्धी टोपली. मोरपिसांचा एक निळा तुकडा. मग तर गावाला नादच लागला. ज्याला कुठेही जायचं नाही तोही थांब्यावर येऊन टेकून जायचा. बाया घरी धुणं वाढलं म्हणून कुरकुरत, आणि स्वतः टेकत. ज्या व्यापाऱ्याने मिशीची तक्रार केली होती त्यालाही मी एकदा पाहिलं, तिकडेच, जाड्याच्या कोपऱ्यापाशी, इकडे तिकडे बघून हळूच पाठ घासताना. लच्चव्वा मात्र त्या बाजूला फिरकत नव्हती. तिला कोणीतरी जाऊन सांगितलं असणार, कारण एका दुपारी ती आली, उघड्या पडलेल्या खांद्यावर नख ओढून पाहिलं, रंग नखाला लागला नाही, आणि जाता जाता माझ्या दुकानासमोर थांबून म्हणाली, "सारूला सांग, चुना बरा मारला."

सर निवृत्त झाले आणि मुलीकडे राहायला निघाले त्या दिवशीचं हे. दोन पिशव्या, एक वळकटी, सुतळीने बांधलेलं ते पुस्तक. बसला अवकाश होता. मी चहा घेऊन गेलो तर ते भिंतीच्या मधोमध पाठ लावून उभे होते, गुडघ्यात वाकलेले, आणि म्हशीसारखे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अंग घासत होते. तोंड घामाने डबडबलेलं. त्यांच्या पाठीमागून लच्चव्वाचं कपाळ वर आलं होतं, नाक आलं होतं, एक डोळा आला होता.

बस येऊन लागली. कंडक्टरने दोनदा शिट्टी मारली, मग दारातून वाकून ओरडला, "ओ सर! येता का जाऊ?"

"थांब नं बाप्पा," कुंभारे सर घासता घासता म्हणाले, "एक डोया राह्यला."